पेशीविना प्रथिने : गव्हाचा दाणा आणि वनजिल्ह्यांतील हिवताप

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील वनजिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि पर्लकोटा या नद्या, साग व बांबूची दाट वने, भाताची शेती आणि दूरदूर विखुरलेल्या टोल्यांमधील वस्ती ही या प्रदेशाची ओळख आहे. याच भूरचनेने हिवतापालाही आश्रय दिला. वनातील वाहत्या ओढ्यांच्या काठी आणि बांध्यांतील साचलेल्या पाण्यात ॲनॉफिलीस जातीचे डास वाढतात. तेंदूपाने व बांबू यांच्या हंगामात माणसे उघड्यावर रात्र काढतात, तर पावसाळ्यात भामरागडसारख्या तालुक्यांतील अनेक गावांचा संपर्क पुरामुळे तुटतो. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा अनेक वर्षे फार मोठा राहिला, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

गावात कोणास ताप आला की आशा स्वयंसेविका त्याच्या बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेते आणि चाचणीच्या पट्टीवर सोडते. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. ही रेघ परजीवी प्रत्यक्ष दिसल्यामुळे उमटत नाही. परजीवीने रक्तात सोडलेले एक विशिष्ट प्रथिन पट्टीवरील द्रव्याने ओळखले, म्हणून ती उमटते. हिवतापाची आजची ओळख अशा रीतीने प्रथिनांच्या ओळखीवर उभी आहे. उद्याच्या अधिक सूक्ष्म चाचण्या आणि लसी यांचा शोधही प्रथिनांच्याच वाटेने चालू आहे. मात्र परजीवीची ही प्रथिने अभ्यासासाठी आणावयाची कोठून, हा प्रश्न दीर्घकाळ शास्त्रज्ञांपुढे होता. त्याचे एक उत्तर गव्हाच्या दाण्यात सापडले. ते उत्तर काय आहे आणि या वनजिल्ह्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा परिचय येथे करून दिला आहे.

प्रथिन म्हणजे काय ?

प्रथिन म्हटले की डाळी, अंडी व दूध यांची आठवण होते. आहारातील प्रथिने महत्त्वाची आहेतच, परंतु शास्त्राच्या दृष्टीने प्रथिन हे सजीवांचे काम करणारे द्रव्य आहे. अन्नाचे पचन करणारी विकरे, प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन आणि रोगजंतूंना अडविणारी प्रतिपिंडे ही सारी प्रथिनेच होत. प्रत्येक प्रथिन हे अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. अमिनो आम्लांचे मुख्य प्रकार वीसच आहेत, पण त्यांचा क्रम बदलला की प्रथिनाचा आकार आणि त्याचे काम दोन्ही बदलतात.

क्रमाचे हे महत्त्व चंद्रपूर व गडचिरोलीच्या रहिवाशांना वेगळे सांगण्याची गरज नाही. या भागात आढळणारा सिकलसेल हा आजार त्याचे बोलके उदाहरण आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी केवळ सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्णाला आयुष्यभर वेदना सोसाव्या लागतात. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. तो नेमका एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, हे त्यानंतर व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिद्ध केले. सिकलसेलच्या वाहक व्यक्तींना फॅल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून मांडले. वनप्रदेशातील या दोन आजारांचा संबंध असा प्रथिनाच्या पातळीपर्यंत जाऊन पोहोचतो.

मूळ दप्तर आणि नक्कल

पेशीत प्रथिन कसे तयार होते, हे शासकीय कामकाजाच्या एका परिचित उदाहरणाने समजून घेता येईल. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मूळ दप्तर सहसा बाहेर दिले जात नाही, अर्जदारास त्याची नक्कल मिळते आणि पुढील काम त्या नकलेवर चालते. पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे असे मूळ दप्तर आहे. एखादे प्रथिन हवे असेल, तेव्हा त्या प्रथिनापुरत्या मजकुराची नक्कल केली जाते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाचे अतिसूक्ष्म कण ती वाचू लागतात. मजकुरातील प्रत्येक तीन अक्षरे मिळून एका अमिनो आम्लाचे नाव होते. रायबोसोम तीन-तीन अक्षरे वाचत जातो, वाहक आरएनए ते ते अमिनो आम्ल आणून देतो आणि साखळी वाढत जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रायबोसोम समोर आलेली नक्कल वाचतो. ती कोणत्या सजीवाची आहे, याची चौकशी तो सहसा करीत नाही. सांकेतिक भाषा जीवाणूपासून मनुष्यापर्यंत जवळजवळ एकच आहे. तेव्हा रायबोसोम, वाहक आरएनए, अमिनो आम्ले आणि ऊर्जा एवढी सामग्री जिवंत पेशीतून बाहेर काढून परीक्षानळीत ठेवली आणि त्यात हव्या त्या प्रथिनाची नक्कल घातली, तर पेशी नसतानाही प्रथिन तयार व्हावयास हवे. पेशीविना प्रथिननिर्मितीचे सारे तंत्र या एका विचारावर आधारलेले आहे.

परीक्षानळीतील पहिली पावले

जीवनक्रिया पेशीबाहेर घडू शकते, याचा पुरावा एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दिला. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे आंबवण झाले. याच वर्षी २० ऑगस्ट रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीचे अवशेष आढळले आणि या रोगाचा वाहक कोण, याचा उलगडा होऊ लागला. त्या वेळी परस्परांशी काहीच संबंध नसलेले हे दोन शोध शंभर वर्षांनंतर एकाच प्रयोगशाळेत एकत्र यावयाचे होते.

मे १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी ई. कोलाय या जीवाणूच्या पेशी फोडून त्यांचा रस काढला. या रसात त्यांनी एकाच अक्षराची पुनरावृत्ती असलेला कृत्रिम आरएनए घातला. तेव्हा फेनिलॲलॅनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. सजीवांच्या सांकेतिक भाषेतील पहिला शब्द असा पेशीविना केलेल्या प्रयोगातून वाचला गेला. पुढील शब्द वाचण्यात हरगोविंद खोराना यांचा वाटा मोठा होता. अक्षरांचा क्रम आधीच ठाऊक असलेले आरएनए तयार करून कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ काय, हे त्यांनी पेशीरसात तपासले. अविभाजित पंजाबातील रायपूर या लहानशा खेड्यात जन्मलेल्या खोराना यांचे वडील पटवारी होते आणि त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाडाखालच्या शाळेत झाले. १९६८ मध्ये निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वनजिल्ह्यांतील एकशिक्षकी शाळांच्या शिक्षकांनी ही हकिगत विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

गहूच का ?

पेशीरस जीवाणूंपासून काढता येतो, तसाच सशाच्या तांबड्या पेशींपासून किंवा वनस्पतींपासूनही काढता येतो. मग गव्हाची निवड का झाली ? याचे उत्तर बियाण्याच्या स्वभावात आहे. गव्हाच्या दाण्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : वरचा कोंडा, आतील पिठूळ भ्रूणपोष आणि दाण्याच्या एका टोकाला असलेला चिमुकला भ्रूण. पेरणीनंतर रोप उगवते ते या भ्रूणातून. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन ते तीन टक्के असतो. कोरड्या दाण्यात तो निद्रिस्त असतो, परंतु ओल मिळताच वाढ सुरू करता यावी म्हणून रायबोसोम, वाहक आरएनए आणि इतर सामग्री त्यात आधीच भरून ठेवलेली असते. त्याच्या स्वतःच्या संदेशांची वर्दळ मात्र त्या वेळी फार कमी असते. म्हणून बाहेरून दिलेला संदेश त्याचा रस निमूटपणे वाचतो. शिवाय गहू स्वस्त आहे, तो साठविता येतो आणि मोठ्या गिरण्यांमध्ये भ्रूण पिठापासून वेगळा काढला जातोच, कारण त्यातील तेलामुळे पीठ लवकर खवट होते.

१९७३ मध्ये ब्रायन रॉबर्ट्स आणि ब्रूस पॅटरसन यांनी बाजारात मिळणाऱ्या गव्हाच्या भ्रूणांपासून रस तयार केला. त्यात त्यांनी तंबाखूवरील मोझेक विषाणूचा आरएनए व सशाच्या ग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए स्वतंत्रपणे घातला. दोन्ही संदेश वाचले गेले आणि गव्हाच्या रसात सशाचे प्रथिन तयार झाले. त्यानंतर ही पद्धत जगभरातील प्रयोगशाळांमध्ये रूढ झाली. तिच्यात एक उणीव मात्र होती. थोड्याच वेळात रसाची क्रिया मंदावत असे आणि हाती येणारे प्रथिन अत्यल्प असे. ते मोजण्यापुरते पुरे पडे, वापरण्यापुरते नाही.

ही उणीव दूर होण्याची वाट एरंडाच्या बीपासून निघाली. एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. हे विष रायबोसोमवर नेमका कोठे घाव घालते, हे याएता एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखविले. रायबोसोममधील आरएनएच्या हजारो घटकांपैकी केवळ एका ठिकाणचे अक्षर ते तोडून टाकते आणि तेवढ्याने रायबोसोम निकामी होतो. गव्हाच्या भ्रूणपोषातही अशाच प्रकारचे ट्रिटिन नावाचे प्रथिन असते. गहू खाण्यास त्यामुळे काही बाधा येत नाही. परंतु भ्रूण वेगळे करताना त्यांना भ्रूणपोषाचे कण चिकटून राहिले, तर ट्रिटिन रसात उतरते आणि गव्हाचेच रायबोसोम मारून टाकते. रसाची क्रिया लवकर थंडावण्याचे हे एक प्रमुख कारण होते.

कारण कळल्यावर उपाय सोपा होता. एन्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधील मात्सुयामा येथील एहिमे विद्यापीठात भ्रूण निवडून ते पुनःपुन्हा स्वच्छ धुतले, भ्रूणपोषाचा अंश काढून टाकला आणि मग रस तयार केला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असा रस एकदा सामग्री घातल्यावर चार तास काम करीत राहिला. सच्छिद्र पटलाच्या पिशवीतून ताजी सामग्री सतत पुरविली आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर जाऊ दिली, तेव्हा तो साठ तासांहून अधिक काळ चालला. दर मिलिलिटर रसामागे एक ते चार मिलिग्रॅम प्रथिन मिळाले. कोणतेही नवे यंत्र न लावता केवळ धुण्याच्या काळजीने हा पल्ला गाठला गेला.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात अशी. धुतलेले भ्रूण अतिशीत अवस्थेत बारीक दळतात. तो भुगा योग्य क्षारद्रावणात मिसळून अतिवेगाने फिरवितात. जड भाग तळाशी बसतो आणि वरचा निवळ रस गाळून अतिशीत कपाटात ठेवतात. प्रयोगाच्या वेळी या रसात वीस अमिनो आम्ले, ऊर्जा देणारी द्रव्ये, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार आणि हव्या त्या प्रथिनाचा संदेश घालतात. खोलीच्या तापमानाला किंवा त्याहून थोड्या थंडाव्यात हे मिश्रण ठेवले की प्रथिन तयार होऊ लागते. एका तबकडीत ९६ खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात वेगळा संदेश घालता येतो. अनेक निरनिराळी प्रथिने एकाच वेळी तयार करण्याची सोय हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ होय.

हिवतापाचा परजीवी आणि गव्हाचा रस

हिवतापाच्या संदर्भात ही सोय विशेष मोलाची ठरली. फॅल्सिपेरम या जातीच्या परजीवीचा संपूर्ण जनुकीय मजकूर २००२ मध्ये वाचून झाला. त्यात सुमारे ५,३०० जनुके आढळली. म्हणजेच परजीवी जवळजवळ तितक्या प्रकारची प्रथिने बनवू शकतो. त्यांपैकी कोणते प्रथिन लसीस उपयोगी पडेल आणि कोणते निदानास, हे ठरविण्यासाठी ती हाती येणे आवश्यक होते. रूढ मार्ग होता तो परजीवीचे जनुक ई. कोलाय जीवाणूत घालून त्याच्याकडून प्रथिन बनवून घेण्याचा. परंतु फॅल्सिपेरमच्या मजकुरातील सुमारे ८० टक्के अक्षरे ए आणि टी या दोनच प्रकारची आहेत. अशी लेखनशैली जीवाणूस वाचणे कठीण जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयत्नात फॅल्सिपेरमची १,००० जनुके जीवाणूत घालण्यात आली. त्यांपैकी ३३७ जनुकांपासून प्रथिन बनलेले दिसले आणि पाण्यात विरघळणारे, म्हणजे अभ्यासास योग्य असे प्रथिन केवळ ६३ जनुकांपासून मिळाले.

एहिमे विद्यापीठातील ताकाफुमी त्सुबोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचा रस या कामी लावला. त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ मजकुरात फेरफार न करताही परजीवीची बरीच प्रथिने गव्हाच्या रसात तयार झाली आणि त्यांतील मोठा भाग विरघळणारा होता. जिवंत जीवाणूला एखादे परके प्रथिन अपायकारक ठरले, तर तो ते बनवीत नाही किंवा मरून जातो. परीक्षानळीतील रसात जीवच नसल्याने ही अडचण उरत नाही.

व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या बाबतीत या पद्धतीचे महत्त्व आणखी वाढते. फॅल्सिपेरम परजीवी प्रयोगशाळेत सतत वाढविण्याची रीत १९७६ पासून उपलब्ध आहे. व्हायव्हॅक्सची तशी वाढ अद्याप साधलेली नाही. म्हणजे ज्या परजीवीस प्रयोगशाळेत वाढविता येत नाही, त्याची प्रथिने परजीवीविनाच तयार करण्याचा मार्ग गव्हाने दिला.

लपलेल्या रोगाचा माग

व्हायव्हॅक्स परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहू शकतो. या अवस्थेत तो रक्तात नसतो. त्यामुळे काचपट्टी, शीघ्र चाचणी किंवा अन्य कोणत्याही रक्ततपासणीत परजीवी सापडत नाही. माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परजीवी जागा होऊन पुन्हा ताप येतो. त्या काळात डास चावला तर रोग पुढे जातो. गावातील रुग्णसंख्या शून्यावर आल्यावरही पुढील पावसाळ्यात रोग पुन्हा डोके वर काढतो, त्याचे एक कारण हे आहे.

परजीवी दिसत नसला तरी त्याच्या भेटीची खूण रक्तात राहते. शरीराने त्याच्या प्रथिनांविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे ही ती खूण. काही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, तर काही थोड्या महिन्यांत ओसरतात. लवकर ओसरणारी प्रतिपिंडे रक्तात भरपूर असतील, तर संसर्ग अलीकडचा आहे असे अनुमान काढता येते. कोणत्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे या कामी उपयोगी आहेत, हे शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने व्हायव्हॅक्सची ३४२ प्रथिने तपासली. या कामात गव्हाच्या रसाच्या पद्धतीचा उपयोग झाला. त्यांतून ६० प्रथिने उपयुक्त म्हणून निवडण्यात आली. थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटे येथील रहिवाशांच्या रक्तनमुन्यांवर पडताळा घेतला असता, आठ प्रथिनांच्या संयुक्त चाचणीने मागील नऊ महिन्यांतील संसर्ग ८० टक्के अचूकतेने ओळखता आला. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या ८० टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. समजा, ५०० लोकवस्तीच्या गावात ५० जणांना मागील नऊ महिन्यांत संसर्ग झालेला आहे. चाचणी त्यांतील ४० जणांना शोधून काढील आणि १० जण सुटतील. उरलेल्या ४५० निरोगी व्यक्तींपैकी ९० जणांना ती चुकीने संसर्गित ठरवील. म्हणजे एकूण १३० जणांवर बोट ठेवले जाईल आणि त्यांतील ४० जणच खरे असतील. वरवर पाहता हे फलित निराशाजनक वाटेल. परंतु आज एक तर कोणालाही ओळखता येत नाही, नाही तर सर्व ५०० जणांना औषध द्यावे लागते. त्याऐवजी १३० जणांपुरता उपचार मर्यादित करता येणे ही प्रगतीच होय. सुप्त परजीवीवरील प्रायमाक्विन हे औषध जी-६-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना अपायकारक ठरू शकते आणि गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत. ते जितक्या थोड्या लोकांना द्यावे लागेल, तितके बरे.

मर्यादांचे भान

नव्या तंत्राविषयी अवाजवी अपेक्षा बाळगणे हितावह नाही. वर उल्लेखिलेली प्रतिपिंड चाचणी गावपातळीवरील नित्याच्या वापरात आलेली नाही. ती अन्य देशांतील लोकांवर तपासली गेली आहे. वनजिल्ह्यांत फॅल्सिपेरम व व्हायव्हॅक्स दोन्ही आढळतात, तेव्हा येथे ती वापरावयाची झाल्यास येथील लोकांच्या रक्तनमुन्यांवर तिचा स्वतंत्र पडताळा घ्यावा लागेल.

लसींबाबतही असेच. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आरटीएस,एस आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आर-२१ या हिवताप लसींची शिफारस केली. आर-२१ लसीचे उत्पादन पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया करते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. परंतु या लसींतील प्रथिन गव्हाच्या रसात नव्हे, तर यीस्टच्या पेशींत तयार केले जाते. त्या फॅल्सिपेरमविरुद्ध असून त्यांचा मुख्य रोख आफ्रिकेतील बालकांवर आहे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी यीस्टसारख्या पेशी स्वस्त पडतात. गव्हाच्या रसाचे बलस्थान शोधकार्यात आहे. शेकडो प्रथिनांतून योग्य प्रथिन निवडून देणे हे त्याचे काम.

इतिहासाचा एक धडाही विसरता कामा नये. १९५३ मध्ये देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. रोग गेला अशी भावना झाली, दक्षता सैल पडली, डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. शेवटचे थोडे रुग्ण शोधणे हेच सर्वांत अवघड काम असते, हे त्या अनुभवाने शिकविले. देशाने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. लपलेला संसर्ग शोधण्याची साधने म्हणूनच महत्त्वाची आहेत.

गावपातळीवरील कर्तव्ये

प्रयोगशाळेतील हे काम दूर देशी चालले असले, तरी त्याचा शेवटचा टप्पा भामरागड, एटापल्ली किंवा कोरचीच्या एखाद्या टोल्यातच पूर्ण व्हावयाचा आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत.

पंचायत सदस्यांनी तापाच्या प्रत्येक रुग्णाची तपासणी विनाविलंब होते की नाही, याकडे लक्ष द्यावे. उपचाराची मुदत पूर्ण होणे तितकेच आवश्यक आहे. व्हायव्हॅक्सवरील प्रायमाक्विनचा उपचार चौदा दिवसांचा असतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरला म्हणून औषध सोडून दिले, तर यकृतातील परजीवी तसाच राहतो. तेंदू व बांबूच्या हंगामात वनात मुक्काम करणाऱ्या मजुरांनी मच्छरदाण्या बरोबर न्याव्यात, हे ग्रामसभेत सांगता येईल.

आरोग्य अधिकाऱ्यांनी चाचणीचा अर्थ लोकांना समजावून द्यावा. फॅल्सिपेरमचे प्रथिन रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकते. त्यामुळे उपचारानंतर पुन्हा रेघ उमटली, म्हणजे औषध वाया गेले असे नव्हे. अशा वेळी काचपट्टीची तपासणी उपयोगी पडते. पुढेमागे प्रतिपिंड चाचणीसाठी रक्तनमुने घेण्याची वेळ आली, तर ते कशासाठी घेतले जातात, हे माडिया, गोंडी किंवा मराठी अशा लोकांच्या भाषेत आधी सांगितले पाहिजे, त्यांची संमती घेतली पाहिजे आणि निष्कर्षही त्यांना कळविले पाहिजेत. रक्ताचा थेंब देणारा माणूस हा या संशोधनातील भागीदार आहे.

शिक्षकांना या विषयाचा वर्गात चांगला उपयोग करता येईल. रात्रभर भिजविलेला गव्हाचा दाणा उभा कापल्यास टोकाचा भ्रूण आणि उरलेला भ्रूणपोष भिंगातून वेगळे दिसतात. कापलेल्या भागावर आयोडीनचा थेंब टाकला, तर पिठूळ भ्रूणपोष निळाकाळा होतो आणि भ्रूणावर तसा गडद रंग चढत नाही. रोप होणारा भाग आणि त्याची शिदोरी यांतील फरक मुलांना डोळ्यांनी पाहता येतो. मात्र एरंडाच्या बिया मुलांच्या हाती देऊ नयेत.

गव्हाचा भ्रूण स्वच्छ धुतल्याने जे साधले, त्याचे मर्म कारण ओळखून त्यावर नेमका उपाय करण्यात आहे. हिवतापाच्या बाबतीत वनजिल्ह्यांतील कामाचे मर्मही तेच आहे. प्रत्येक तापाचे कारण वेळीच ओळखले गेले आणि प्रत्येक उपचार पूर्ण झाला, तर उद्या येणाऱ्या अधिक सूक्ष्म साधनांसाठी जमीन तयार झालेली असेल. ती तयार करण्याचे काम प्रयोगशाळेचे नाही. ते गावाचे, शाळेचे आणि आरोग्य उपकेंद्राचे आहे.